बॅग भरण्याआधी विम्याचा कागद वाचा

गळीत हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या दिशेने ती हळूहळू सरकत असते आणि त्याच रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत पोरं-पोरी उभी असतात. कुणी दूधसाखर महाविद्यालयातलं, कुणी गारगोटीला शिकणारं, कुणी रोज कोल्हापूरला ये-जा करणारं. हल्ली त्यांच्यातल्या एखाद्याच्या मोबाइलमध्ये जर्मनीच्या नाहीतर इंग्लंडच्या विद्यापीठाचं ऑफर लेटर असतं. मग घरात पेढे, भावकीत चर्चा आणि लगेच धावपळ: पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, बँकेचं कर्ज, तारणासाठी सातबारा, आणि शेवटी आईने भरलेला कांदा-लसूण चटणीचा डबा.

या धावपळीत एक कागद असा असतो, जो कुणीच वाचत नाही. आरोग्य विम्याचा. एजंट म्हणतो, "ते मी बघतो, तुम्ही फक्त सही करा." आणि तुम्ही सही करता. कारण वय बावीस, तब्येत ठणठणीत, आणि आजारी पडायला वेळ कुणाला आहे?

आज या सहीबद्दलच बोलू. ऑफर लेटर तुमच्या नावाचं असलं, तरी त्या कागदात काय लिहिलंय यावर घरच्यांचं बरंच काही अवलंबून असतं.

कोल्हापूरची एक जुनी नेमणूक

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८३ साली त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. हे आपण शाळेत शिकलो. पण पुढची गोष्ट आपल्या गावाजवळची आहे. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर केली होती. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. ती खुर्ची मात्र रिकामीच राहिली. भारतात परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. वय अवघं एकवीस.

विमा असता तर त्या वाचल्या असत्या, असं मला म्हणायचं नाही. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. पण त्यांची तब्येत निघण्याआधीपासूनच बरी नव्हती. तिथे थंडी वेगळी, खाणं वेगळं, आणि आजारपणात आधार होता तो ज्यांनी मुलीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाचा. म्हणजे सगळी भिस्त माणसांच्या चांगुलपणावर.

आता एक योगायोग बघा. ज्या जून १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या, त्याच महिन्यात जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. आजारपणाचा खर्च एकट्याने सोसायचा नाही, सगळ्यांनी थोडं-थोडं भरून वाटून घ्यायचा, हा विचार तिथे कायद्यात आला. आज तुमच्यापैकी कुणी जर्मनीला निघाला असेल, तर त्याच व्यवस्थेच्या दारातून आत जाणार आहे.

देश तसा नियम

विम्याच्या बाबतीत सगळे देश सारखे नाहीत. मैत्रीण मेलबर्नला गेली आणि तिने अमुक पॉलिसी घेतली, म्हणून तुम्ही म्युनिकला जाताना तीच घेतली तर फसाल. ढोबळमानाने चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार: सरकारी विमा सक्तीचा. जर्मनी हे याचं ठळक उदाहरण. तिथे आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवलंच जात नाही. तुमची विमा संस्था थेट विद्यापीठाला ऑनलाइन कळवते की हा विद्यार्थी आमच्याकडे आहे. वय ३० च्या आत असेल, तर टीके, एओके, बार्मर अशा सार्वजनिक विमा संस्थांकडे विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दराने नोंदणी होते. २०२५ च्या दराने महिना साधारण १४५ युरो. हप्ते थकवले तर तेही विद्यापीठाला कळतं आणि नाव कमी होऊ शकतं.

इथे दोन ठिकाणी पोरं अडकतात. पहिली गोष्ट पैशाची. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. विम्याचा हप्ता त्यातूनच जातो. म्हणजे भाडं, जेवण, प्रवास सगळं साधारण ८५० युरोत बसवायचं. हा हिशेब बिद्रीत बसून करा, बर्लिनला पोचल्यावर नको.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. "सरकारी महाग पडतो, खासगी घ्या, निम्म्यात होतं," असं सांगणारे भेटतात. सरकारी विम्यातून सूट घेऊन खासगीकडे गेलात, तर शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून परत सरकारीत येता येत नाही. ती सही एकदाच होते. हो, विमानतळावर उतरल्यापासून विद्यापीठात नोंदणी होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतोच. पण तो फक्त मधल्या दिवसांपुरता असतो, मुख्य विम्याची जागा घेत नाही.

जपान आणि दक्षिण कोरियाही याच गटातले. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला राष्ट्रीय आरोग्य विम्यात यावंच लागतं आणि उपचाराच्या खर्चातला ३० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. कोरियाने मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विमा सक्तीचा केला. फ्रान्समध्ये विद्यार्थ्याची सरकारी सुरक्षा योजनेतली नोंदणी फुकट होते, पण ती सगळा खर्च देत नाही. म्हणून वरच्या भागासाठी बरेच जण वेगळी पूरक पॉलिसी घेतात.

दुसरा प्रकार: व्हिसासोबतच पैसे भरा. ही इंग्लंडची, म्हणजे युनायटेड किंग्डमची पद्धत. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कोर्ससाठी तिकडून व्हिसा मागताना इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांना वर्षाला १५० पाउंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पाउंड झाला. आणि तो दरवर्षी नाही, व्हिसाच्या पूर्ण काळाचा एकदम भरायचा.

गंमत इथे आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा एक वर्षाचा मिळत नाही. कोर्सच्या आधीचे आणि नंतरचे काही महिने धरून तो दीड वर्षाच्या आसपास जातो. वरच्या सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्याला निम्मा दर लागतो. म्हणजे ७७६ अधिक ३८८, एकूण १,१६४ पाउंड. पाउंड ११५ रुपये धरला तर सव्वा लाखाच्या वर. बँकेच्या कर्जाच्या अंदाजपत्रकात हा आकडा नसेल, तर ऐन व्हिसाच्या दिवशी घरच्यांना सोसायटी नाहीतर सावकार गाठावा लागतो.

पैसे भरले की तुम्ही तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचे, एनएचएसचे, हक्काचे रुग्ण. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे, तिकडच्या भाषेत जीपीकडे, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणाल तर तापात फॉर्म भरत बसाल. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला प्रत्येक औषधामागे ९.९० पाउंड पडतात. स्कॉटलंड, वेल्समध्ये ते लागत नाहीत. दात आणि चष्म्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा आपलाच. व्हिसा नाकारला गेला, तर सरचार्ज परत मिळतो, हेही माहीत असू द्या.

तिसरा प्रकार: ठरावीक खासगी पॉलिसी सक्तीची. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसावर ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर, थोडक्यात ओएसएचसी, लागतं. मान्यताप्राप्त कंपनीकडूनच घ्यायचं आणि देशात राहण्याच्या पूर्ण काळासाठी घ्यायचं. कोर्स फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतोय म्हणून पॉलिसी तेव्हापासून काढली आणि विमान आधीच उतरलं, तर मधले दिवस उघडे पडतात. तारीख उतरण्याच्या दिवसाची टाका. आणखी एक: आधीपासून असलेल्या आजारांसाठी साधारण १२ महिने थांबावं लागतं. दमा, थायरॉइड, जुनं गुडघ्याचं दुखणं असं काही असेल, तर हे कलम आधी वाचा.

कॅनडा एक देश असला तरी नियम प्रांताप्रमाणे बदलतात. ब्रिटिश कोलंबियात सरकारी योजनेत नाव घालायला सुरुवातीला काही आठवडे थांबावं लागतं, तेवढ्यासाठी खासगी पॉलिसी घ्यावी लागते आणि नंतर महिना ७५ डॉलर शुल्क. ओंटारियोत परदेशी विद्यार्थी सरकारी योजनेत नसतात. विद्यापीठांची वेगळी योजना आहे, तिचं नाव यूएचआयपी. "कॅनडाला चाललोय" एवढं सांगून विम्याचं उत्तर मिळत नाही. कुठला प्रांत आणि कुठलं कॉलेज, ते सांगावं लागतं.

चौथा प्रकार: सरकार गप्प, विद्यापीठ कडक. अमेरिका. एफ-१ विद्यार्थी व्हिसासाठी केंद्र सरकारचा विम्याचा नियम नाही. जे-१ या देवाणघेवाण व्हिसासाठी मात्र आहे: प्रत्येक आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, रुग्णाला मायदेशी हलवायला ५० हजार डॉलर आणि मृतदेह परत पाठवायला २५ हजार डॉलर. शेवटचा आकडा वाचताना कसंतरीच होतं. पण तो लिहिलाय, कारण तो खर्च कधीतरी कुणाच्या तरी आई-वडिलांच्या अंगावर आलेला असतो.

एफ-१ वाल्यांना सरकार विचारत नसलं तरी विद्यापीठ बहुधा विचारतं. फीच्या बिलात विद्यापीठाच्या विम्याची रक्कम आपोआप लावलेली असते. ती नको असेल, तर तुमची स्वतःची पॉलिसी त्यांच्या अटीत बसते हे दाखवून सूट मागायची. याला तिथे वेव्हर म्हणतात. त्याला मुदत असते आणि ती चुकली की बिल भरावंच लागतं. भारतात मिळणारी विद्यार्थी पॉलिसी स्वस्त असते, पण ती वेव्हरला चालेल की नाही हे विकणारा ठरवत नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला स्वतः ईमेल करा, पॉलिसी जोडा, लेखी उत्तर घ्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. ते रोज असे ईमेल वाचतात.

"विमा आहे की!" म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे विमा म्हणजे कार्ड दाखवलं की काम झालं, असा समज आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने ही सवय लावली आहे, आणि ती चांगली सवय आहे. रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलात होतात. पण ही योजना काय, आयुष्मान काय, दोन्हीही भारताबाहेर चालत नाहीत. वडिलांच्या नोकरीतला कुटुंबाचा विमाही बहुतेक वेळा देशापुरताच असतो.

आणि परदेशातला विमा, विशेषतः अमेरिकेतला, सगळं बिल भरत नाही. हिशेब करून बघू. समजा अपेंडिक्सचं दुखणं निघालं आणि बिल १०,००० डॉलर झालं. तुमच्या पॉलिसीत डिडक्टिबल ५०० डॉलर आहे. म्हणजे पहिले ५०० तुमचे. उरलेल्या ९,५०० पैकी कंपनी ८० टक्के देते, २० टक्के तुम्ही. ते झाले १,९००. एकूण तुमच्या खिशातून २,४०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी २ लाख ४ हजार. विमा असून!

आता विमाच नसता तर? दहा हजार डॉलर म्हणजे साडेआठ लाख. कितीतरी घरांचं उसाचं वर्षाचं बिलही तिथवर पोचत नाही. म्हणूनच म्हटलं, सही तुमची असली तरी त्यात घर गुंतलेलं असतं.

त्यामुळे पॉलिसी हातात आली की प्रीमियमचा आकडा सोडून या पाच जागा शोधा. डिडक्टिबल किती? त्यानंतर आपला टक्का किती? वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याला मर्यादा आहे का? कंपनीच्या यादीतलं हॉस्पिटल विद्यापीठाजवळ आहे का? आणि "हे मिळणार नाही" या मथळ्याखाली काय लिहिलंय? दात, चष्मा, दारू पिऊन झालेला अपघात, साहसी खेळ, मानसिक आजार ही नावं तिथे बऱ्याचदा दिसतात.

मानसिक आजारावर दोन शब्द. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, खोलीत बोलायला कुणी नसतं, घरी फोन केला तर "सगळं बरं आहे" असंच सांगायचं असतं. समुपदेशकाची गरज कुणालाही पडू शकते. बहुतेक विद्यापीठांत ही सोय असते. पुढचे उपचार विम्यात बसतात का, एवढं आधीच बघून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

लपवू नका

फॉर्मवर विचारलेलं असतं: आधीचा काही आजार? आपल्याकडे पटकन सल्ला मिळतो, "लिहू नको, उगाच प्रीमियम वाढतोय, नाहीतर नाकारतील." हा सल्ला देणारा क्लेमच्या वेळी सोबत नसतो. लपवलेला आजार नंतर उघड झाला, तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं आणि प्रीमियमही वाया जातो. खरं लिहिलंत तर फार तर काय होईल? प्रीमियम थोडा वाढेल, किंवा तो आजार काही काळ बाहेर राहील. पण तुम्हाला माहीत असेल की तो बाहेर आहे. मग औषधांची तजवीज करता येते.

मेडिकलला जाणाऱ्यांनी आणखी एक सांभाळा. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानच्या "पॅकेज"मध्ये विमा धरलाय असं तोंडी सांगतात. तोंडी नको. तुमच्या नावाची, तारखा असलेली पॉलिसी हातात घ्या आणि त्यावरच्या नंबरला स्वतः फोन करून ती चालू आहे का विचारा.

पैसे कमी असतील तर

विम्याचा खर्च शिष्यवृत्तीतून निघू शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये फी आणि निर्वाह भत्त्याबरोबर वैद्यकीय विम्याचा प्रीमियमही धरलेला आहे. राज्यातल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे. नाव नुसतं शोभेचं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरं शिक्षण पूर्ण करायला लंडनला परत निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या या राजाने त्यांना पैशाची मदत केली होती. अर्ज करताना खर्चाच्या यादीत विमा कुठे बसतो ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. कर्ज काढणार असाल, तर बँकेच्या अंदाजपत्रकात विम्याची वेगळी ओळ पहिल्या दिवशीच लिहा. मंजुरीनंतर रक्कम वाढवायची म्हणजे पुन्हा सगळे हेलपाटे.

निघण्याआधीची यादी

• विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा विम्याचा नियम स्वतः वाचा. दर वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या आकड्यावर थांबू नका.

• पॉलिसीची सुरुवात विमान उतरण्याच्या तारखेपासून आहे ना, बघा.

• दात तपासून घ्या, चष्म्याचा जास्तीचा जोड करा. इथे हजारात होतं, तिथे विम्याबाहेर असतं.

• नेहमीची औषधं असतील, तर डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या. लसीकरणाचे कागद सोबत ठेवा.

• भारतीय विद्यार्थी पॉलिसी घेत असाल, तर पालकांच्या तातडीच्या प्रवासाचा खर्च आणि शिक्षण खंडित झाल्यास फीची भरपाई यात आहे का, विचारा. चांगल्या पॉलिसीत या गोष्टी असतात.

• तातडीचे नंबर पाठ करा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. साध्या तापासाठी थेट इमर्जन्सीत जाऊ नका. अमेरिकेत तेच सगळ्यात महाग दार आहे. ब्रिटनमध्ये १११ आणि जर्मनीत ११६११७ वर आधी विचारता येतं.

• पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा. नंबर, कंपनीचा फोन आणि क्लेम कसा करायचा, हे आई-वडिलांना किंवा भावाला मराठीत लिहून द्या.

शेवटचा मुद्दा छोटा वाटेल, पण तोच चुकवू नका. रात्री दोन वाजता परदेशातून फोन आला की "तुमच्या मुलाला दवाखान्यात आणलंय," तर घरात कुणाला तरी काय करायचं ते माहीत पाहिजे. देव्हाऱ्याजवळच्या कपाटात, सातबारा आणि कर्जाच्या कागदांच्या फायलीत, तो एक कागद असू दे.

पुढच्या वेळी सीपीआरसमोरून जाताना आनंदीबाईंची ती रिकामी राहिलेली खुर्ची आठवा. त्या गेल्या तेव्हा विचारायला नियम नव्हते, वाचायला पॉलिसी नव्हती. तुमच्याकडे दोन्ही आहे. आज संध्याकाळी चहा घेताना अर्धा तास काढा, एजंटने पाठवलेली ती पीडीएफ उघडा आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. जिथे कळत नाही तिथे खूण करा, उद्या विचारा. आणि मग खुशाल बॅग भरा. चटणीचा डबा विसरू नका.